बॅगेच्या तळाशी

एकतीस उन्हाळे मी हॅमरफेस्टच्या धक्क्यावर
लोकरीच्या टोप्या विकल्या.
बोट लागायची, शिडी पडायची,
आणि शिडीवरून आधी उतरायचे गुडघे.
उघडे, गुलाबी,
सोललेल्या बटाट्यांसारखे गुडघे.
जुलै आहे ना, म्हणायचे लोक,
दातावर दात आपटत.
हो, जुलैच आहे, म्हणायचे मी.
टोपी दोनशे नव्वद क्रोनर.

हसायचो आम्ही, मी आणि बाजूच्या गाळ्यातली टोर्बियोर्ग,
पोट धरून, ते पाठमोरे झाले की.
एक बाई आठवते. सँडल घालून उतरली होती,
नखं लालभडक, बोटं निळी.
मी खाली बसून तिला मोजे चढवले.
ती म्हणाली, हे सँडल मी वर्षभर
खोक्यातून बाहेर काढले नव्हते,
इथे घालायचे म्हणून.
किती वर्षं पुरली आम्हाला ती बाई,
कॉफीबरोबर.

आता लेकीनं माझं तिकीट काढलंय.
ट्रॉम्सोहून स्वालबार्ड, आठ रात्री, खिडकीची केबिन.
इंगविल् फोनवरून यादी सांगते,
आई, थर घाल, थरावर थर.
अगं, मला सांगतेस?
मी पाळण्यात होते तेव्हाच चार थर होते माझ्यावर,
पाचवा बापाच्या ओरडण्याचा.

रात्रीचे अकरा वाजलेत.
सूर्य खिडकीत उभा, शेजारणीसारखा,
काय काय भरतेय ते बघत.
भरते.
अंगालगतची लोकर, कोपरांवर रफू केलेली.
मोजे चार जोड आणि एक एकटा,
त्यालाही बोट बघू दे.
मासळीच्या कारखान्यातला रेनकोट,
धुऊन धुऊन वास जात नाही,
जावा असं मलाही वाटत नाही.
आणि ओड्वारचे हातमोजे.
ओड्वार वारला नाही,
नुसता वरच्या गल्लीत राहायला गेला, दुसरीकडे.
मोजे इथेच राहिले. चांगले आहेत.
त्यांचा काय दोष?

मग कपाटात अगदी मागे हात गेला.
गेला म्हणजे, मी घातला.
पिवळा फ्रॉक, बिनबाह्यांचा,
पाठीवर बटणांची रांग.
अडतीस वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतलेला,
चिठ्ठी अजून काखेत लोंबतेय.
त्या वर्षी उन्हाळा आला तो मंगळवारी,
मी कारखान्यात होते.
बुधवारी वारा सुटला.

आमच्या उन्हाळ्यात ऊन नसतं, उजेड असतो.
त्यात सुई ओवता येते, पत्र वाचता येतं,
मध्यरात्री भिंत रंगवता येते.
अंग शेकता येत नाही.
हे मला माहीत आहे. माझ्याएवढं कुणाला माहीत असणार?
तरी फ्रॉक घडी करून
बॅगेच्या तळाशी ठेवला,
रेनकोटाच्या खाली,
वास लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये.
बसतो का ते बघितलं नाही.
बघणारही नाही.

चेन लागेना.
गुडघा टेकवून दाबली, तरी लागेना.
शेवटी एक स्वेटर बाहेर काढला, जाडा, निळा.
धक्क्यावर दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर
मी टोर्बियोर्गला कोपर मारलं असतं.

ती सँडलवाली आता कुठे असेल, कोण जाणे.
तिला नीट मोजे घातले होते मी,
एवढं तरी बरं.

स्वालबार्डच्या धक्क्यावरही
कुणीतरी उभी असेलच, टोप्या घेऊन.
शिडीवरून उतरताना
रेनकोटाखालून दिसेल तिला
पिवळ्याची एक पट्टी,
आणि तिच्याखाली माझे गुडघे, अडुसष्ट वर्षांचे.
हसू दे तिला.
टोपी मी घेईन.
भाव करणार नाही.